डोंगरी पानफुटी

"शेठ, पानं जरा मोठी बघून द्या की. माझा खडा बारका न्हाई, बोराएवढा हाय म्हणला डाक्टर."

"सगळी एकाच मापाची हायती, नानासो. मोठी आणू कुठनं?"

"मग चार जास्त द्या."

आकारामने चार जास्त दिली. ओसरीवर घोंगडं अंथरलेलं होतं आणि त्यावर पाचसहा माणसं ऐसपैस बसली होती. कुणी कुशीला हात धरून, कुणी नुसतंच दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करायला. नानासोने पानं तोंडात टाकली, चावली आणि तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय."

"आंबट हाय म्हंजे गुण हाय," कोपऱ्यातून तात्याबा म्हणाला. "गोड औषध कवा लागू पडल्यालं ऐकलंस का?"

तात्याबाला हे बोलायचा अधिकार होता. बोरमाळ गावात या पाल्याने पहिला मुतखडा पाडला तो त्याचाच. तो खडा त्याने काडेपेटीत जपून ठेवला होता. ज्याने मागितला त्याला तो दाखवायचा आणि ज्याने मागितला नाही त्याला आग्रहाने दाखवायचा. त्याच महिन्यात घरच्यांनी त्याला रोज तांब्यातांब्याने हुलग्याचं कढण पाजलं होतं, ही गोष्ट मात्र त्याच्या हकिकतीतून हळूहळू गळून गेली होती. हकिकत सांगून सांगून गुळगुळीत झाली, की असले खडबडीत तुकडे आपसूक झडतात.

आकाराम चहाचं आधण ठेवायला आत गेला. साठीला टेकलेला, अंगाने काटकुळा, हाताची नखं तेजाबाने कायमची पिवळी पडलेली. चुलीपुढे बसल्या बसल्या त्याचे कान ओसरीकडे होते. नानासो आपल्या मेहुण्याची नालस्ती करत होता. तात्याबा मेहुण्याची बाजू घेत होता, कारण मेहुणा त्याला तंबाखू द्यायचा. आकारामला दोघांशीही देणंघेणं नव्हतं. पण आपल्या घरात माणसं भांडताहेत, एवढ्यानेच त्याला चहात साखर जास्त टाकावीशी वाटली, आणि त्याने ती टाकली.

विट्याच्या अवतीभवतीच्या गावांना गलाई म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मिसरूड फुटायच्या आत पोरगं कुणा चुलत्याच्या नाहीतर मामाच्या मागे परमुलखात जातं, तिथल्या सोनारगल्लीत भट्टी मांडतं, लोकांचं जुनं सोनंचांदी मुशीत आटवून शुद्ध करून देतं आणि यात्रेला परत येऊन इस्त्रीच्या कपड्यांत गावभर फिरतं. कुणी मद्रासेकडे गेलं, कुणी बंगालात. आकाराम गेला तो पार अल्मोड्याला, हिमालयाच्या डोंगरात. तिथं छपरांवर कौलांऐवजी दगडी फरश्या घालतात. चाळीसेक वर्षं त्याने तिथं काढली. तिथले लोक त्याला 'मरहठा' म्हणायचे. दम लागायला लागला, धूर सोसेना, तेव्हा तो दुकान विकून गावी आला. गावाने त्याचं नाव 'अल्मोडेवाला' ठेवलं. म्हणजे दोन्हीकडच्या हिशेबात तो दुसरीकडचाच धरलेला.

बायको मनुबाई तो यायच्या बऱ्याच आधी गेली होती. तार पोचून, गाड्या बदलत बदलत तो घरी आला तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. मुलगा लालासाहेब मदुरेला स्वतःच्या दुकानात. त्याची मनिऑर्डर वेळेवर यायची आणि ती घेऊन येणारा पोस्टमन हाच घरी येणारा एकमेव माणूस. पोस्टमनला आकाराम पाणी द्यायचा, गूळ द्यायचा, पावसापाण्याचं विचारायचा. पोस्टमनची सायकल भिंतीला टेकलेलीसुद्धा नसायची. तो एका पायावर उभा राहूनच गूळ खायचा.

अल्मोड्याहून येताना त्याने सामान फारसं आणलं नाही. एक आणलं ते कुणाला दाखवण्याजोगं नव्हतं. दुकानाच्या छपरावर फरश्यांच्या फटींतून एक बुटकं, मांसल पानांचं झुडूप वाढायचं. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, टम्म पानं. हिवाळ्यात त्यावर बर्फ बसायचं, उन्हाळ्यात फरशी तापून हात लावू देत नसे, तरी ते तिथेच. आकारामने कधी त्याला पाणी घातलं नव्हतं की नाव विचारलं नव्हतं. पण निघायच्या दिवशी शिडी लावून तो वर चढला आणि दोन मुठी उपटून फुटक्या मुशीत भरून घेऊन आला. का, हे त्याला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं एका छपराखाली आणि छपरावर काढलेले ते दोघेच होते, एवढं खरं.

गावी आल्यावर त्याने त्या झाडाचे लाड केले. शेणखत घातलेली काळी माती, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी. आठवड्यात देठ काळे पडले, पानं बोट लावताच पाण्यासारखी फुटायला लागली. त्याने आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी उपडी करून सगळा लगदा परसदारी मुरमाच्या ढिगावर फेकून दिला आणि तिकडे फिरकलाच नाही. पंधरा दिवसांनी गेला तर त्या लगद्यातून सुटलेल्या एका काडीने मुरमात पांढऱ्या सुतासारखी मुळं सोडली होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. या झाडाला खाणंपिणं सोसत नाही. मुरूम, कौलांचा चुरा, उत्तरेच्या भिंतीची सावली आणि वरून पाणी द्यायचंच तर हात आखडून. काडी मोडून नुसती ठेवली तरी लागते, पण पुरून पाणी ओतलं की मरते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले, लिंबाला पालवी उरली नाही, माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. मुरमातलं झाड आक्रसून तांबडं पडलं, मूठ आवळून बसलं आणि राहिलं. खडी फोडून घरी जाणारा तात्याबा एके संध्याकाळी कुंपणापाशी थबकला. गावात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, तेही तांबडं.

"हे काय रं लावलंस गड्या?"

"तिकडचं हाय. अल्मोड्याचं. नाव नहीं मालूम."

"मराठीत बोल की. नाव ठावं न्हाई म्हण." तात्याबा उकिडवा बसला. एक पान तोडून चावलं, थुंकला, दुसरं ओल्या मुरमात खुपसून ठेवलं. "बघू आठवड्यानं."

आठवड्याने त्या पानाच्या बुडाशी मूळ आणि मोहरीएवढा कोंब. तात्याबाने मांडीवर थाप मारली. तो गावातला घरगुती वैद्य होता. त्याचं वैद्यकीचं शिक्षण म्हणजे आयुष्यभर सगळे रोग स्वतःला होऊन गेले एवढंच.

"पानफुटी हाय ही! पानाला कोंब आला का न्हाई? चव आंबट हाय का न्हाई?"

"पानफुटीचं पान एवढं असतंय, तात्या." आकारामने तळहात दाखवला.

"ती आपल्याकडची. ही डोंगरी. थंडीनं अंग चोरलंय तिनं. तुला न्हाई का, तिकडं जाऊन आलास तर निम्मा झालास?"

आकारामने तळहात खाली घेतला. पानफुटीने मुतखडा जातो हे पोराटोरांनाही माहीत होतं. दुष्काळात खोल विहिरींच्या तळाचं खारट पाणी प्यायल्याने घरटी एकाची कूस दुखत होती. तात्याबाने पानं खाल्ली, कढण प्यायलं आणि खडा पाडला. मग बोरमाळाची वाट आकारामच्या ओसरीवरून जायला लागली.

आता सुरुवातीलाच आकाराम गप्प का बसला, याचं कारण सरळ आहे. आपण आणलेलं झाड पानफुटी आहे की नाही, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पुढे गप्प बसला त्याचं कारण इतकं सरळ नाही. माणसं यायला लागली होती. अनशापोटी पानं खायची असल्याने ती सकाळी सकाळी यायची, पानं पोटात बसेपर्यंत हलायचं नाही असं तात्याबाने फर्मान काढल्याने चांगली दोन-दोन तास बसायची. त्या वेळात कुणाच्या सुनेचं काय, सोसायटीच्या चेअरमनचं काय, कुणाच्या म्हशीचं काय, सगळं आकारामच्या चहासोबत निघायचं. त्याची हिंदी झडत चालली. 'मतलब' म्हणायचं तो विसरला. पानांचं तो काही घ्यायचा नाही. कुणी शेरभर ज्वारी ठेवली तर ती तशीच परत पाठवायचा. त्याला हवं ते घोंगड्यावर बसून मेहुण्याची नालस्ती करत होतं.

रोजच्या तोडीने झाड ओकंबोकं व्हायला लागलं, तसा तो वाढवायच्या मागे लागला. फुटके माठ, घमेली, तेलाचे डबे, परसाच्या दगडी गडग्याची प्रत्येक फट, जिथं मूठभर मुरूम बसेल तिथं काडी लावली. वर्षभरात उत्तरेची भिंत हिरवी झाली. सकाळी तो भिंतीपुढे उभा राहून कुठली जागा तोडीला आली आणि कुठलीला महिनाभर हात लावायचा नाही, याचा हिशेब करायचा. भट्टीपुढेसुद्धा त्याने एवढ्या मनाने हिशेब केला नव्हता.

रोज येणाऱ्यांत रहिमान होता. ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्त करणारा, पंचक्रोशीतल्या विहिरींचा वैद्य. बोलायला हजरजबाबी. कुशीत कळ आली की बोलता बोलता थांबायचा, पान्ह्याने नट आवळावा तसं तोंड आवळायचा आणि कळ ओसरली की वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे चालू करायचा.

"शेठ, तुमचं झाड आन् माझं इंजिन सारखंच," तो म्हणायचा. "पाणी जास्त झालं की दोन्ही बंद."

एकदा रहिमान दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी, सगळे उठून गेल्यावर, त्याची बायको हाजराबी आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, ओसरीच्या पायरीच्या खालीच उभी.

"भाऊ, एक विचारायचं हुतं."

"वर या की. बसा."

"बसत न्हाई. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, कापायलाच पायजे. खडा अडकलाय म्हणं, मूत्रपिंड सुजाय लागलंय. तारीख दिल्ती. ह्ये जायना झाल्यात. म्हणत्यात, शेठचा पाला चालू हाय, महिनाभर बघू. आसं करत तीन महिनं झालं." तिने पदर सोडला. "माझ्या सांगण्यानं ऐकत न्हाईत. तुमी झाडाचं मालक. तुमी सांगा, पाल्यानं जाईल का? तुमी जाईल म्हणला तर मी थांबते. न्हाई म्हणला तर आजच उचलून नेते."

भिंतीवर त्या दिवसांत झाडाला पहिल्यांदा फूल आलं होतं. श्रावणाची झड चालू होती आणि सगळी भिंत पिवळ्या, पाच पाकळ्यांच्या बारीक चांदण्यांनी भरली होती. तात्याबानेसुद्धा ते फूल बघून डोकं खाजवलं होतं. पानफुटीची फुलं लांबट, टांगलेल्या कंदिलांसारखी असतात हे त्यालाही माहीत होतं. "डोंगरी हाय," तो म्हणाला होता, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"दोन दिवस द्या मला," आकाराम म्हणाला. "विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीने तो सांगलीला गेला. फुलासकट तीन काड्या कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातल्या. पाण्यात ठेवायचं नाही, एवढं तो शिकला होता. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे फाटक सर भेटले. टक्कल, नाकावर घसरलेला चष्मा, टेबलावर वाळलेल्या पानांचे गठ्ठे. त्यांनी आकारामला खुर्ची दिली आणि ती रिकामी करायला त्यावरचे गठ्ठे जमिनीवर ठेवले.

"कुठून आणलंत हे?"

"अल्मोड्यासनं. छपरावर हुतं."

"छपरावर! वा." सरांनी भिंगाखाली फूल धरलं, सुईने पाकळ्या बाजूला केल्या. मग एकदम आनंदाने बोलायला लागले. "पाच पाकळ्या, सुट्या. दुप्पट पुंकेसर. हे बघा, बघा तुम्ही. सेडम आहे हे. हिमालयात खडकांवर, भिंतींवर होतं. आपल्याकडे दिसत नाही. आणि तुम्ही इकडच्या उन्हात जगवलंत? कसं?"

"पाणी कमी घालून." आकाराम खुर्चीच्या कडेला बसला होता. "सर, पानफुटी न्हवं का मग ही?"

"नाही. घराणं एक आहे. चुलत बहीण म्हणा. तिचंही पान रुजतं, हिचंही. पण ही ती नव्हे. हिला मराठीत नावच नाही. इथं होतच नाही, तर नाव ठेवणार कोण?"

"मुतखड्यावर चालतंय का?"

सरांनी चष्मा वर सरकवला. प्रश्नामागे काही आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "तसं कुठं वाचल्याचं मला तरी आठवत नाही. मी डॉक्टर नव्हे. पण अडकलेल्या खड्याला डॉक्टर सोडून हिच्यावर कुणी बसला असेल, तर त्याला उठवा."

निघताना सरांनी एक काडी मागून घेतली. बाकीच्या परत वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या आणि एकदा मला हे कसं लावलंय ते बघायला यायचंय, असंही म्हणाले. ते येणार नव्हते, पण म्हणाले चांगल्या मनाने.

परतीच्या एस्टीत आकारामला खिडकीची जागा मिळाली. तासगाव मागे पडेपर्यंत त्याने स्वतःशी बरीच घासाघीस केली. हाजराबीला एकटीला सांगावं. रहिमान मिरजेला जाईल. बाकीच्यांना काय, चार पानं चावली तर काय बिघडतंय? नानासोचा खडा बोराएवढा असला तरी तो मजेत आहे. तात्याबाचा तर पडलाच आहे. माणसं येतील, बसतील, बोलतील. कुणाचं काय जातंय?

गलाईवाल्याचा एक रिवाज असतो. गिऱ्हाईक सोन्याचा डाग घेऊन आलं, की तो कसोटीवर ओढायचा, तेजाबाचा थेंब टाकायचा आणि कस गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलायचा. कानात सांगायचा नाही. कानात सांगितलेला कस म्हणजे लबाडी, असं त्याला चुलत्याने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. अल्मोड्यात एकदा एक पहाडी म्हातारी मुलीच्या लग्नासाठी जपलेली गळ्यातली हसळी घेऊन आली. रेघ ओढली, थेंब टाकला, रेघ उडून गेली. वरून मुलामा, आत तांबं. दुकानात चार माणसं होती. आकारामने चौघांसमोर सांगितलं. म्हातारी दुपारभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिली आणि त्या दिवसानंतर त्या गल्लीतून कधी गेली नाही. वाकडी वाट करून जायची. आकारामला तिचा राग आला नाही. त्याच्या धंद्यात माणसं गमावायची रीत हीच होती.

विटा आलं तेव्हा घासाघीस संपली होती. कोण जिंकलं हे त्याला आनंदाने सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने घोंगडं अंथरलं, चहा केला, सगळ्यांना दिला. पानं तोडली नाहीत. रहिमान आला होता, भिंतीला टेकून बसला होता. पायरीखाली हाजराबी उभी होती.

"आज पाला न्हाई का, शेठ?" नानासोने विचारलं.

"न्हाई. आन् उद्यापास्नं पन न्हाई." आकारामचा आवाज भट्टीपुढे असायचा तसा होता, मोठा आणि कोरडा. "सांगलीला दावून आलो. ही पानफुटी न्हाई. दुसरंच झाड हाय, सेडम म्हणत्यात. हिनं खडा पडत न्हाई."



"मग माझा काय वाऱ्यानं पडला?" तात्याबा उभाच राहिला. त्याचा हात खिशातल्या काडेपेटीकडे गेला होता.

"हुलग्यानं पडला आसंल, तात्या. न्हाईतर आपला आपण."

"आन् एवढी माणसं खात्यात ती येडी?"

"येडी न्हाईत. मी आधीच विचारून याया पायजे हुतं."

"तवा का न्हाई सांगितलंस मग?" नानासो म्हणाला. "आमाला येवढं दिस गवत खायला घातलंस?"

त्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याच बुडाखाली घोंगड्याच्या रूपाने पसरलेलं होतं, पण ते कुणाला दिसलं नाही.

रहिमान तेवढा हसला. "शेठ, इंजिन खोलायलाच लागतंय म्हणा की," तो म्हणाला आणि हाजराबीकडे बघून उठला. तिने त्याच्या दंडाला धरलं. जाताना तिने मागे वळून आकारामला काही म्हटलं नाही. तिला घाई होती, आणि ती बरोबर होती.

गावात दोन दिवसांत याचा अर्थ लागला, आणि तो आकारामने सांगितला तसा नव्हता. नानासोने पहिल्यांदा शंका काढली. शेठला आता पाला जड झाला. सांगलीला कुठल्यातरी औषधवाल्याशी बोलणं झालंय, बाटलीत भरून विकणार. नाहीतर एस्टीचं भाडं घालून माणूस सांगलीला कशाला जाईल? हे गावाला पटलं. फुकट देणाऱ्या माणसाचा हेतू शोधायला वेळ लागतो, पण द्यायचा थांबला की लगेच सापडतो. सकाळी तात्याबा दारावरून जायचा तो समोर बघत.

रहिमानचं ऑपरेशन मिरजेला झालं. महिन्याने तो सायकलवरून पान्ह्यांची पिशवी अडकवून जाताना दिसला. दारासमोर थांबला, पण पाय जमिनीला टेकवला तेवढाच.

"बरं हाय का?"

"एकदम झ्याक. डाक्टर म्हणला अजून दोन महिनं काढलं आसतं तर मूत्रपिंड गेलं आसतं. तुमी सांगितलं म्हणून गेलो, शेठ."

"बस की. चहा टाकतो."

"आज न्हाई. दोन विहिरी बंद पडल्यात, लोक बोंबलाय लागल्यात. येतो कवातरी."

बरा झालेला माणूस तो. त्याला बसायला वेळ असायचं कारणच नव्हतं. आकारामने घोंगडं झटकून, घडी घालून आत ठेवलं. भिंतीवरचं झाड आता कुणी तोडत नसल्याने नुसतं माजलं. माठांतून, डब्यांतून खाली ओघळलं, गडग्यावरून शेजारच्या बोळात उतरलं. बोळातून जाणारी शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. आंबट होतं ते.

दिवाळीनंतर एके दुपारी एक धनगर दारात उभा राहिला. खांद्यावर कांबळं, हातात काठी, पायांवर धुळीचे मोजे. आटपाडीच्या पलीकडच्या माळावरून तो अर्धी वाट चालत, अर्धी एस्टीने आला होता. नाव बिराप्पा. गावात विचारत विचारत तो इथवर पोचला होता आणि कुणीतरी, बहुधा गंमत म्हणून, त्याला बरोबर घर दाखवलं होतं.

"खड्याचा पाला हितंच मिळतोय न्हवं?"

आकाराम भिंतीपाशी होता. त्याने हातातलं काम ठेवलं. परसात, बोळात कुणी नव्हतं. बिराप्पाची नजर भिंतीवरून फिरत होती, एवढ्या औषधाकडे बघून त्याच्या चेहऱ्यावर विश्वास पसरत होता. तो रोज आला नसता, पण आठवड्याला आला असता. आल्यावर बसला असता. एवढ्या लांबून आलेला माणूस लगेच उठत नाही.

"हा त्यो पाला न्हवं," आकाराम म्हणाला.

"आमच्याकडं तर बोलत्यात..."

"चुकून बोलत्यात. हे दुसरं झाड हाय. ह्यानं काय हुत न्हाई. तुमी मिरजंला जावा." त्याने दवाखान्याचा रस्ता सांगितला, रहिमानचं नाव सांगितलं, इथलाच एकजण तिथं बरा झाला म्हणून सांगितलं.

बिराप्पा काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होता. "मग ह्ये कशावर चालतंय?"

"कशावरच न्हाई."

"आन् येवढं लावून ठिवलंय?"

आकारामने भिंतीकडे बघितलं. "एस्टीची वेळ झाली," तो म्हणाला. "फाट्यापतूर वाट दावतो, चला."

वाट दाखवण्यासारखी नव्हती. एकच रस्ता होता, सरळ. दोघे बोलत चालले, म्हणजे बिराप्पा बोलत चालला. मेंढरं किती राहिली, दुष्काळात किती गेली, कुत्रं म्हातारं झालंय पण रात्री अजून जागतं. आकाराम मध्ये मध्ये विचारायचा. कुत्र्याचं नाव काय? पोरं काय करतात? कूस कधी जास्त दुखते, बसल्यावर की चालल्यावर? फाट्यावर दोघे मैलाच्या दगडाला टेकून बसले. एस्टी उशिरा होती. गाड्यांच्या उशिरावर अल्मोड्यापासून इथपर्यंत शिव्या मोजलेला आकाराम त्या दिवशी काही बोलला नाही.

शेवटी धूळ दिसली. गाडी थांबली. बिराप्पाने कांबळं सारखं केलं, काठी आधी आत घातली आणि मागून स्वतः चढला. कंडक्टरने दारातून वाकून आकारामला बघितलं. विट्याला जाणाऱ्यांतला तो ओळखीचा होता.

"या की शेठ. विटा न्हवं का?"

"मी न्हाई येत," आकाराम म्हणाला. "पाव्हण्याला सोडाय आलोय."

आत जाणारा बिराप्पा हे ऐकून थबकला, वळून बघितलं त्याने. मग खिडकीशी बसून हात बाहेर काढला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत, पाहुण्याने काढावा तसा, तो बाहेरच ठेवला.